सतराव्या पानावरची रिकामी ओळ

मी ठाण्याच्या एका कचेरीतली फाईल बोलतेय. धूळ झटकायची तर झटका, पण ऐकून घ्या.

१९५२ साली नौपाड्यातल्या दुकानातून माझा पुठ्ठा आला. कल्याणबाहेर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची धावपट्टी होती. त्या साली तिथं एक विमान उतरत होतं, दुसरं उडत होतं. दोन्ही एकमेकांवर आदळायचीच बाकी होती. माणसं वाचली. दोष मात्र कुणाच्या तरी माथी हवाच! वैमानिक म्हणाले, लाल निशाण दिसलंच नाही. निशाणवाल्या दौलतला कामावरून काढून घरी बसवलं.

निशाण वर होतं, हे पाहणारी एकटी त्याची बायको मालन. पट्टीच्या कडेला गवत कापत होती. चौकशी बसली, तिचेच कागद माझ्यात. तिथं मालन ताठ उभी राहून बोलली.

कारकून हरिहर जबानी लिहीत होता. "पूर्ण नाव?"

"मालन."

"नवऱ्याचं?"

तिनं पदर ओढला. नवरा हयात असेतो त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, अशी तिच्या घरची रीत.

"उखाण्यात घ्या की, बाई!"

"उखाणे हळदीकुंकवाला, भाऊ. इथं माझी भाकरी चाललीय."

हरिहर वरमला. बाईला कशाला छळा, सतराव्या पानावरची ही ओळ मागाहून भरू म्हणाला. तेवढ्यात चहा आला. ओळ राहिली.

चौकशी-अधिकाऱ्याला मालनचं म्हणणं पटलं. त्यानं लिहिलं, पट्टीवर दिवे बसवा, दौलतला कामावर घ्या. चौदा महिन्यांनी सरकारचं उत्तर आलं. दिवे मान्य. दौलत अमान्य, 'साक्षीदार मालन ही कोण, हे तिच्या जबानीवरून सिद्ध होत नाही.'

अहो, माझ्या पानापानावर दौलतचं नाव होतं! चार पानं उलटायला काय हात मोडले होते? मला फीत बांधून फडताळात टाकलं.

दौलत खाडीत रेती काढायला जाऊ लागला. तिसऱ्या वर्षी बुडी मारली, तो वर आलाच नाही.

मग मालन आली. कपाळ मोकळं.

"लिवा, भाऊ. दौलत काळुराम भोईर."

"मालनताई, फाईल बंद झाली हो..."

"लिवा म्हणते ना!"

हरिहरनं मला काढलं, ओळ भरली. जुन्या कागदावर शाई पसरली. ते पान पुन्हा वर कुणी धाडलं नाही.

आता मला वाळवी लागलीय. रद्दीत घालण्याआधी एवढंच करा. सतरावं पान उघडा आणि ती ओळ मोठ्यानं वाचा. मालननं ते नाव घेतलं, तेव्हा ऐकायला दौलत नव्हता.