नाथानवर नजर

ताट नाथानपर्यंत आलं तेव्हा शमुवेल शिरसाठ बाकाच्या टोकाशी उभा होता. प्रभुभोजनाच्या रविवारी प्याल्यांची ताटं फिरवायचं काम मंडळीच्या पंचांकडे असतं, आणि डाव्या बाजूचे बाक शमुवेलकडे होते. बोटभर उंचीच्या प्याल्यांत द्राक्षरस. आपला प्याला उचलायचा, ताट शेजारच्याला द्यायचं. त्याच्या बायकोने, सुवार्ताने, उचलला. धाकटा योएल तेरा वर्षांचा, त्याचं दृढीकरण, म्हणजे प्रभुभोजनात घेतलं जाण्याचा विधी, व्हायचं होतं, म्हणून तो हात मांडीवर ठेवून बसला. थोरल्या नाथानचं गेल्याच वर्षी झालं होतं. त्याने ताट दोन्ही हातांनी धरलं, जरासं पाहिलं आणि एकही प्याला न उचलता शेजारच्या मावशींकडे दिलं.

मावशींनी ताट घेतलं, नाथानकडे पाहिलं आणि मग टोकाशी उभ्या असलेल्या त्याच्या बापाकडे पाहिलं.

गेल्या महिन्यातही असंच झालं होतं. तेव्हा शमुवेलला वाटलं होतं, पोराचं लक्ष नसेल.

मनात काही सलत असेल, हातून काही घडलं असेल, तर त्या दिवशी घ्यायचं नाही, हा मंडळीतला जुना रिवाज. का घेतलं नाही, असं कुणी विचारत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत ज्याने त्याने आपापला अंदाज बांधलेला असतो.

उपासना सुटल्यावर दुसरे पंच दादासाहेब चपला घालता घालता म्हणाले, "नाथानची तब्येत बरी आहे ना, शमुवेलभाऊ?"

"पोट बिघडलंय त्याचं."

"जपायला पाहिजे. हल्ली बाहेरचं फार खातात पोरं," दादासाहेब म्हणाले आणि हसले. शमुवेलला ते हसणं आवडलं नाही. मंडळीच्या आवारात उभं राहून आपण खोटं बोललो, हे घरी पोचल्यावर त्याच्या ध्यानात आलं.

शमुवेल चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होता. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लोखंडी तुकडे त्याच्या टेबलावर यायचे. नव्या मुलांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचा. तुकडा चांगला आहे असं धरून तपासायला बसू नका. खराब आहे असं धरा आणि खराबी शोधा. सापडली नाही तर पास. या सवयीमुळे कंपनीत त्याला मान होता. घरी ती सवय कुठे काढून ठेवायची, हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

त्याने नाथानचे धुवायला टाकलेले शर्ट हुंगले. घामाचा वास होता. सिगरेटचा नव्हता, दारूचाही नव्हता. एवढा घाम डिप्लोमाच्या वर्गात बसून कसा येतो, हे त्याला कळेना. एके दिवशी जेवताना त्याला नाथानच्या उजव्या हाताच्या बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या दिसल्या.

"काय झालं हाताला?"

"घासलं गेलं."

"कशाला?"

"लाकडाला," नाथान म्हणाला आणि भात कालवायला लागला.

तो बाहेर गेल्यावर शमुवेलने बायकोला विचारलं, "तुला काही माहितीय का?"

"वयात आलेला मुलगा आहे. सगळं तुम्हाला सांगून करेल का?"

"मी तुला विचारतोय."

"मला काय माहीत असणार?" सुवार्ता म्हणाली. पोळी फुगली नव्हती तरी तिने तव्यावरून काढली. शमुवेलने तेही पाहून ठेवलं.

रोज रात्री चौघं हॉलमध्ये चटईवर बसून प्रार्थना करायचे. प्रत्येकाने आपापली प्रार्थना मोठ्याने करायची, अशी या घराची रीत. त्या आठवड्यात शमुवेलची प्रार्थना लांबली. "प्रभू, या घरातलं कुणी वाईट संगतीला लागलं असेल, आईबापापासून लपवून काही करत असेल, तर तू ते उजेडात आण."

"आमेन," सगळ्यांबरोबर नाथानही म्हणाला. मग त्याची पाळी आली. "प्रभू, पप्पांची पाठ दुखतेय. त्यांना रात्रपाळी झेपत नाही, पण ते बोलत नाहीत. त्यांना आराम दे."

शमुवेलने डोळे किलकिले करून पाहिलं. पोराचे डोळे मिटलेले होते. टोमणा आहे की माया, हे त्याला ठरवता आलं नाही, आणि ठरवता आलं नाही म्हणून त्याचा संशय आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी योएलला शाळेत सोडताना त्याने डांगे चौकाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

"योएल, दादावर जरा लक्ष ठेव. कुठे जातो, कुणाबरोबर जातो, तेवढं मला सांगायचं."

"म्हणजे चुगली करायची?"

"चुगली नाही रे. काळजी आहे ती. मोठ्याची काळजी लहान्यानेही करावी लागते."

योएलची मान ताठ झाली. घरात त्याला असं काम आजवर कुणी दिलं नव्हतं. तो कामाला पक्का निघाला. आठवडा संपायच्या आत खबर आली. "दादा रोज संध्याकाळी शेजारच्या विंगमधल्या धम्मरत्नदादाच्या गाडीवर जातो. पुनावळ्याकडे. आणि पप्पा, त्याच्या पिशवीत पांढरा कुर्ता-पायजमा आहे. नवा कोरा."

पांढरे कपडे म्हटल्यावर शमुवेलला एकच गोष्ट सुचली. धम्मरत्न वाघमारे चांगला मुलगा, त्याच्याबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. पण ते कुटुंब बौद्ध, घरातलं सगळं विहाराशी बांधलेलं. वंदनेला जाताना सगळे पांढऱ्या कपड्यांत जिना उतरताना शमुवेलने किती वेळा पाहिले होते. दीक्षा घेणाराही पांढरे कपडे घालतो, हे त्याला माहीत होतं. ताट पुढे सरकवणं, रोज संध्याकाळचं जाणं, कपडे, सगळं त्याच्या मनात जागच्या जागी बसलं. आपल्या आजोबांनी जालन्याकडे मिशनच्या शाळेत शिपाई म्हणून राहून जो विश्वास धरला, तो नातवाचा पोरगा सोडून चाललाय, आणि आपण मंडळीचे पंच म्हणून ताटं फिरवतोय.

सुट्टीच्या दिवशी दुपारनंतर तो वाघमाऱ्यांकडे गेला. दार ज्ञानदेव वाघमारेंनीच उघडलं.

"या शिरसाठ. बरं झालं आलात. मीच येणार होतो तुमच्याकडे."

"का हो?"

"बसा तर आधी."

ज्ञानदेवांची बायको अंजली पाणी घेऊन आली आणि गेली नाही, दाराला टेकून उभी राहिली. कोपऱ्यातल्या कॉटवर त्यांची म्हातारी आई, तानुबाई, लसूण सोलत बसली होती.

शमुवेलने लांबून सुरुवात केली. "तुमच्या विहारात सध्या काही कार्यक्रम आहे का?"

"वर्षावास चालू आहे. रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. का?"

"नाही, मुलं जातात म्हणून."

"कुणाची मुलं?" ज्ञानदेव म्हणाले. "आमचा तर यंदा एक दिवस फिरकलेला नाही. पहिल्यांदा घडतंय असं. शिरसाठ, एक विचारू? राग मानू नका. तुमच्यात ते पाण्यात बुडवून घेतात, त्याला पांढरे कपडे लागतात ना?"

"काही मंडळ्यांत लागतात."

ज्ञानदेवांनी बायकोकडे पाहिलं. अंजली म्हणाली, "भाऊ, आमच्या धम्मरत्नच्या कपाटात पांढरा कुर्ता सापडलाय. नवीन. आणि तुमचा नाथान रोज त्याला खालून हाक मारतो. माणसानं काय समजायचं?"

शमुवेलने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "नाथानकडेही आहे. तसाच."

"म्हणजे तुम्ही असं समजून आलात की आम्ही तुमच्या पोराला..." ज्ञानदेव थांबले.

"आणि तुम्ही?"

"आम्हीपण तेच."

तानुबाईने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "दोन पोरं आन् एकसारखी कापडं. ब्यांडात गेली आसतील."

"आई, तू गप गं," ज्ञानदेव म्हणाले.

संध्याकाळी दोघं बाप ज्ञानदेवांच्या स्कूटरवर पुनावळ्याला निघाले.  हमरस्त्याच्या कडेच्या मोकळ्या मैदानावर पत्र्याची शेड होती, आणि मैदान दिसायच्या आधीच आवाज पोटात बसायला लागला. ढोल-ताशा पथकाचा सराव चालू होता. गणपती तोंडावर आले होते. कमरेला ढोल बांधलेल्या मुलामुलींच्या रांगा, पुढे ताशे, आणि मागच्या रांगेत एकमेकांशेजारी नाथान आणि धम्मरत्न.

शमुवेलने नाथानला हेरलं आणि मग त्याला नजर काढता आली नाही. पोराच्या हातात लाकडी टिपरू होतं. ते ढोलावर पडायचं, उचललं जायचं, आणि प्रत्येक वेळी शेजारच्या टिपरूबरोबर एकाच उंचीवर थांबायचं. शमुवेल कुठे चुकतं ते बघत राहिला. चुकलं नाही.

गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण त्यांच्याकडे आला. पथकाचा प्रमुख, रणजीत, पुनावळ्याच्याच जुन्या घरातला.

"कुणाला बघताय काका?"

"नाथान. मी वडील त्याचे."

"नाथाचं वडील व्हय? लय भारी वाजवतंय पोरगं. ताल सोडत न्हाई." रणजीतने खुर्च्या मागवल्या. "पयल्या दिवशी त्याच्या आई आलत्या. म्हणल्या, वाजवंल, पर आरतीला उभा ऱ्हाणार न्हाई आन् गुलाल लावायचा न्हाई. म्या म्हणलं, चालतंय की. आमाला हात पायजेत."

"त्याची आई आली होती?" शमुवेलने विचारलं.

"व्हय तर. कुर्त्याचं माप त्यांनीच दिलं."

ज्ञानदेवांनी चाचरत विचारलं, "आणि वाघमाऱ्यांकडून कोणी?"

"आजीचा फोन आलता. पोराला खायाला काय देता म्हून विचारत हुत्या."

 ज्ञानदेवांना हसू आलं आणि ते त्यांनी खोकल्यात घातलं.

विश्रांतीची शिट्टी झाली. ज्ञानदेव पोराला घेऊन शेडकडे गेले. तिकडून चढलेला आवाज आला, बावीस प्रतिज्ञांचं नाव आलं, आणि थोड्या वेळाने दोघं बापलेक चहाचे कागदी कप धरून उभे दिसले. नाथान ढोल न सोडताच शमुवेलपुढे आला. शर्ट पाठीला चिकटला होता.

"कधीपासून?"

"जूनपासून."

"मिरवणुकीत वाजवणार? मूर्तीपुढे?"

"हो. मला वाजवायला आवडतं, पप्पा."

"आणि मंडळीत कुठल्या तोंडाने बसतोस?"

"बसतो. पण घेत नाही," नाथान म्हणाला. "हे बरोबर की चूक, माझं मला ठरत नाहीये. ठरेपर्यंत घ्यायचं नाही, असं मी ठरवलं. घेतलं असतं तर तुम्हाला काही कळलंसुद्धा नसतं."

ते खरं होतं. शमुवेलला त्यात बोट घालायला जागा सापडेना. तो म्हणाला, "मला सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही योएलला विचारलंत."

"तुला कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला पाहिजे? मी फोनवर असलो की तो दाराआड उभा असतो. मी आंघोळीला गेलो की पिशवी उघडतो. परवा मी झोपलोय असं समजून त्याने माझा खिसा तपासला." नाथानने कमरेचा दोर घट्ट केला. "मी जागा होतो. पण डोळे उघडले असते तर त्याला लाज वाटली असती, म्हणून पडून राहिलो."

शिट्टी झाली. तो रांगेत गेला.

घरी सुवार्ता वाटच बघत होती. शमुवेलच्या चेहऱ्यावरून तिने ओळखलं. ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंत?"

"नसतं."

"मग?"

 शमुवेलने नाथानला मनाई केली नाही. पाळकसाहेबांना जाऊन त्याने स्वतः सगळं सांगितलं, दादासाहेबांना पोटाचं खोटं सांगितल्याचंही. पाळकसाहेब म्हणाले, मुलगा अजून ताटाला हात लावायच्या आधी विचार करतोय, त्याला वेळ द्या. मिरवणूक झाली. लक्ष्मी रोडला गेलेलं पथक पहाटे परतलं. शमुवेल आता जे काय असेल ते थेट विचारायचा आणि नाथान थेट उत्तर द्यायचा. दोघांमध्ये तेवढं सरळ झालं.

योएलचं मात्र थांबलं नाही. संध्याकाळी शमुवेल गॅलरीत चहा पीत उभा असला की तो जवळ येऊन उभा राहायचा आणि दबक्या आवाजात सुरू व्हायचा. "पप्पा, दादा आज कॉलेजला उशिरा गेला." "पप्पा, मम्मी फोनवर मावशीला तुमचं सांगत होती. सांगू काय ते?"

"बस झालं आता, योएल. गरज नाही त्याची."

"का? माझं काही चुकलं का?"

"नाही. तुझं नाही."

योएल जायचा. दोन दिवसांनी पुन्हा यायचा, नवं काहीतरी घेऊन, आणि सांगून झालं की बापाच्या तोंडाकडे बघत थांबायचा. पहिल्या खबरीला मिळालेली शाबासकी आठवून. एकदा तो असा उभा असताना नाथान मागे दोरीवरचे कपडे काढत होता. त्याने सगळं ऐकलं, कपड्यांच्या घड्या केल्या आणि आत गेला.

पुढच्या रविवारी दुपारी नाथान म्हणाला, "पप्पा, ड्रिल मशीन कुठेय?"

"कशासाठी?"

"आमच्या खोलीत पडदा लावायचाय. दोन कॉटच्या मधे."

शमुवेलने त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शमुवेलने माळ्यावरून ड्रिल काढलं आणि म्हणाला, "भिंत भुसभुशीत आहे ती. थांब, मी करतो."

योएल आपल्या कॉटवर पाय वर घेऊन बसला होता. भिंतीची पूड त्याच्या चादरीवर पडत होती, ती तो हाताने झटकत होता.

"दादा, मग मला तुझी बाजू दिसणार नाही."

"नाही दिसणार," नाथान म्हणाला. त्याने खालून पडद्याची नळी धरली.

शमुवेलने नळी बसवली, वर लेव्हलची पट्टी ठेवली. आतला बुडबुडा केसभर डावीकडे होता. त्याने एक स्क्रू सैल केला, नळी जराशी उचलली आणि पुन्हा पिळला. बुडबुडा मधे आला. तो स्टुलावरून उतरला, दोन पावलं मागे जाऊन त्याने एक डोळा मिटून पाहिलं.

"सरळ आहे," तो म्हणाला.

सुवार्ताने पडदा आणून दिला. नाथानने कड्या ओवल्या आणि पडदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओढून पाहिला. एकही कडी कुठे अडली नाही.