बगदादचा एक तास

माझ्या जन्माच्या वेळी आई कळा देत होती, बाबा क्रेनवर होते आणि मंगळ, म्हणे, आठव्या घरात होता. पहिल्या दोन गोष्टींना साक्षीदार आहेत. तिसरी उल्हासनगरच्या कॅम्प दोन भागातल्या एका कम्प्युटरने सांगितली, आणि सगळ्यांनी खरी धरली ती तीच.

जन्म माझा बगदादचा. बाबा अंबरनाथला क्रेन चालवायला शिकले आणि त्या जोरावर एका कंपनीने त्यांना इराकला नेलं. पुढे आईही तिथल्या मजुरांच्या खानावळीत स्वयंपाकाला गेली. मी तिकडे झाले आणि रांगायच्या आत आमच्या गावी, शिरगावला परत आले. इतकाच माझा परदेश. आमच्या आगरी घरात पत्रिकेचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. इस्पितळाच्या कागदावर दुपारी एकची वेळ होती, तेवढी आम्हाला पुरे होती.

अमितची आई, तुळशीबाई, हिला ती पुरली नाही.

अमित आणि मी अंबरनाथच्या एकाच केमिकल कंपनीत. तो लॅबमध्ये, मी डिस्पॅचला. दोन वर्षं आमचं जमलेलं होतं. लग्नाचं त्यानेच विचारलं, घरी तोच येऊन गेला. साखरपुडा ठरला, आईने साडी आणली, आणि मग तुळशीबाईंनी माझ्या जन्माची वेळ मागून घेऊन कॅम्प दोनमध्ये पत्रिका काढली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"आठव्यातला मंगल नवऱ्याच्या जिवावर येतो, सगुणाबाय. माझा एकच पोर हाय. आमाला जमाचा नाय."

आईने फोन ठेवला आणि आणलेली साडी कपाटात टाकली. मी अमितला गाठलं. तो म्हणाला, "आईला समजावतो ना. थोडं थांब." मी थांबले. तो समजावत राहिला, म्हणजे कॅन्टीनमध्ये दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. मला पाहिलं की भाजीत डोकं घालायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्यात आमची एक आत्या उपाय घेऊन आली. आधी मातीच्या घड्याशी लग्न लावायचं, म्हणजे दोष त्याच्यावर जातो.

"घडाच कशाला?" मी म्हटलं. "अमितशीच लाव. तोही तेवढंच बोलतो."

आत्या रुसून गेली. आई मला ओरडली आणि मग आत जाऊन रडली. त्या रडण्याची किंमत कुणाकडून वसूल करायची, हे मला कळत नव्हतं.

मार्च संपला तसा आमच्या जर्मन गिऱ्हाइकाचा फोन रोजच्यापेक्षा तासभर आधी यायला लागला. दरवर्षीचंच ते. उन्हाळा आला की ते लोक घड्याळ एक तास पुढे करतात आणि आमची धांदल उडते. ह्या वेळी फोन ठेवता ठेवता माझा हात तिथेच थांबला. माझा जन्म जुलैचा, आणि बगदादला जुलै म्हणजे भर उन्हाळा.

घरी आल्या आल्या बाबांना विचारलं, "बगदादला उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचे का?"

"करायचे ना," बाबा म्हणाले. "सरकारचा हुकूमच होता. पयल्या दिवशी आमची अर्धी ग्यांग उशिरा पोचलेली. का गो?"

शनिवारी मी कॅम्प दोन गाठलं. जीन्सच्या दुकानांच्या गर्दीत तुळशीबाईंनी पत्रिका काढलेला झेरॉक्सवाला सापडला. पाटी होती, 'पत्रिका पाच मिनिटांत'. कम्प्युटरवर मिलिंद नावाचा मुलगा होता. मी सगळं सांगितलं तसा तो कसनुसं हसला.

"मॅडम, आम्ही बौद्ध. छप्पन सालापासून आमच्या घरात पत्रिका बंद. शेठचा धंदा आहे, मी फक्त बटण दाबतो."

"मग दाबा. आणि बघा, ह्याने बगदादचं काय धरलंय."

त्याने गाव टाकलं, तारीख टाकली, वेळ टाकली. "लंडनच्या तीन तास पुढे. बस. कोणत्या साली कोणी घड्याळ हलवलं, ते ह्याला कोणी शिकवलंच नाही. त्याच्यासाठी हा बॉक्स आहे बघा, 'उन्हाळी वेळ'. आपण हाताने टिक करायची."

"मग केली का नाही?"

"इथे सगळे कल्याण-उल्हासनगरचे जन्मलेले येतात, मॅडम. हा बॉक्स आजपर्यंत कोणी विचारलाच नाही."

त्याने टिक केली. पुढे केलेल्या घड्याळातला एक म्हणजे खरे बारा. कम्प्युटरने माझा जन्म तासभर मागे घेतला आणि मंगळ आठव्या घरातून उठून नवव्यात जाऊन बसला. दोष नाही. आत्याचा घडा वाचला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. अमित मला हवा होता.

रविवारी त्याला म्हटलं, आईला घेऊन दुकानात ये. आले दोघं. मिलिंदने त्यांच्यासमोर टिक काढून दाखवली, लावून दाखवली. तुळशीबाईंनी कम्प्युटरच्या पडद्याला हात जोडले.

"म्हंजे पोरीत खोट नव्हतीच गो! घड्याळाची चूक. अमित, परवाच साखरपुडा उरकू."

अमितचा चेहरा खुलला. महिनाभराने तो पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघत होता. "मी बोललो होतो ना, सगळं नीट होईल?"

मस्तकात तिडीक गेली. काय बोलला होता हा? 'थोडं थांब' सोडून ह्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

"आणि मंगळ नवव्यात नसता गेला तर?" मी विचारलं.

"गेला ना पण."

"नसता गेला तर, अमित?"

त्याने आईकडे पाहिलं. तुळशीबाईंनी पर्सची चेन उघडली आणि परत लावली. मिलिंद मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागला.

मी वाकून माऊस घेतला आणि टिक काढली. मंगळ गुमान आठव्या घरात परत आला.

"मिलिंद, ही प्रिंट काढा."

"ही? मॅडम, पण..."

"हीच."

प्रिंटर कुरकुरला. कागद अजून गरम होता, तसाच मी तुळशीबाईंच्या हातात दिला. "ही ठेवा. मला मंगळ आहे. तुमच्या मुलाला जपा."

मी पायरी उतरले. अमित धावत मागे आला, तो कागद फडकवत. "विनिता, वेडी आहेस का? ही पत्रिका खोटी आहे!"

"हो," मी म्हटलं. "हेच तू महिन्यापूर्वी म्हणायला हवं होतंस."