खिडकीतली बाई

आमच्या शिलाईच्या कारखान्यात दोन खोल्या. पुढच्या खोलीत मशिनं खडखडतात, मागच्या खोलीत आम्ही बायका हातानं बटणं लावतो आणि तुरपाई करतो. मागे शांतता असते, म्हणून दुपारी तिथं कादंबरी वाचायची पद्धत पडली आहे. वाचणारी मी. माझा आवाज खणखणीत आहे आणि मला गप्प बसवत नाही, या दोनच गुणांवर माझी निवड झाली. वाचताना माझे हात रिकामे राहतात, म्हणून माझ्या वाट्याचे शर्ट मधे ठेवायचे आणि ऐकणारीनं त्यातला एक उचलायचा. फुकट कुणी ऐकायचं नाही.

यंदा हाती आली होती एक जुनी, जाडजूड, कव्हर गेलेली कादंबरी. गरीब पोरगी, हवेलीतला मुलगा आणि त्याची आई, थोरल्या बाईसाहेब. नजरानजर झाली की प्रेम, आणि प्रेम झालं की बाईसाहेब काठी आपटत हजर. जुन्या कादंबऱ्यांतल्या गरीब पोरी कधी कुणावर खेकसत नाहीत, उपाशी असल्या तरी त्यांचे केस चमकतात. माझी पोरगी आणून बसवा म्हणावं तिथं. सकाळी चहा मिळाला नाही तर घर डोक्यावर घेते.

पण गंमत अशी की माझ्या या पोरीनंच हवेली गाठली होती. ती पुढच्या खोलीत कापड बेतायला असते, आणि मालकीणबाईंचा एकुलता एक मुलगा तिच्या टेबलाशी जरा जास्तच वेळा कापड बघायला येतो, हे सगळ्या कारखान्याला माझ्या आधी कळलं. शेवटी तिनंच घरी सांगितलं, "आई, आमचं ठरलंय. त्यानं त्याच्या आईच्या कानावर घातलंय, त्या हो म्हणत नाहीत नि नाहीही म्हणत नाहीत. तू एकदा जाऊन बोल ना त्यांच्याशी."

मी आज जाते, उद्या जाते करत टाळत होते. कादंबरीतली पोरीची आई हवेलीत जाते तेव्हा बाईसाहेब तिला उभ्या उभ्या घालवतात, बस म्हणायचंही सुचत नाही त्यांना. माझ्या पोरीसाठी मी कुणाचेही पाय धरीन, पण कुणी मला उभं ठेवलं तर माझी जीभ गप्प राहायची नाही आणि पोरीचं जुळायचं ते मोडेल, याची मला धास्ती होती.

अशात एका दुपारी मी मधेमधे खाकरत बाईसाहेबांचं संभाषण रंगवून वाचत होते, बायका पोट धरून हसत होत्या, आणि मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खोली चिडीचूप झाली.

"हे पुस्तक बदला," त्या म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. "का हो? पुस्तकानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"जरा बाहेर या."

बाहेर गेले. कपाटाला टेकून त्या उभ्या राहिल्या. गुडघ्यानं दगा दिल्यापासून त्या काठी घेतात, ती त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"खरं सांगा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाईला काठी पहिल्यापासून होती, की माझा गुडघा दुखायला लागल्यावर आली?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांची बसायची खोली आमच्या भिंतीला लागून. पुढची मशिनं मधेच थांबली की पलीकडे माझा आवाज ऐकू जायचा, बाकीचं खडखडाटात बुडायचं. त्यामुळे त्यांच्या कानावर काय पडलं, तर मुलाची आई, काठी, आणि आमचं हसणं. मी पदरचं घालून वाचते हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा बाई धरून चालल्या की हे पुस्तक नाहीच, मी रोज त्यांनाच वाचून दाखवते.

मी आत जाऊन पुस्तक आणलं आणि काठीचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. "काठी पुस्तकातलीच आहे. खाकरणं मात्र माझं."

त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली. हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत. "शेवटी काय होतं तिचं?"

"उद्या संपेल. मला तरी कुठं ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी त्या येऊन माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसल्या. माझी मुलगीही टेबल सोडून आली आणि दाराशी टेकली. मी शेवट वाचायला घेतला. संकटं टळली, लग्न लागलं, गाडी हवेलीसमोरून निघाली. बाईसाहेब वरच्या खिडकीत उभ्या होत्या. पुढच्या वाक्यात रस्त्याकडेची फुलं आली, मग निळं आकाश आलं, आणि कादंबरी संपली. बायकांनी डोळे पुसले. बटणं लावणाऱ्या काकू म्हणाल्या, "बरी जिरली म्हातारीची."

"आणि ती?" मालकीणबाईंनी विचारलं.

"ती कोण?"

"खिडकीतली."

"तिचं पुढं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"एकटाच मुलगा ना तिला?"

एवढंच विचारलं त्यांनी, काठीच्या मुठीकडे बघत. मला एकदम त्यांचं घर डोळ्यांपुढे आलं, जेवायच्या टेबलाशी दोन खुर्च्या आणि त्यातली एक रिकामी. इतके दिवस मी यांना घाबरत होते, आणि या माझ्या पोरीला घाबरत होत्या. मला फार वाईट वाटलं. त्या लेखकाचा रागही आला. चांगल्यांना गाडीत बसवून दिलं आणि वाईट ठरवलेल्या बाईला खिडकीत तशीच विसरून गेला.

मी पान उलटलं. पलीकडे कोरं पान होतं.

"अजून थोडं आहे की," मी म्हणाले, आणि वाचायला लागले. "काही दिवसांनी थोरल्या बाईसाहेब पोरीच्या माहेरच्या लहान घरापाशी आल्या. दार सुनेच्या आईनं उघडलं. म्हणाली, आधी बसा, गुडघा दुखत असेल."

मालकीणबाईंनी चष्मा लावला आणि माझ्या हातातल्या पानाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"त्या आईला राग नव्हता आला?" त्यांनी विचारलं.

"होता," मी कोऱ्या पानावरून वाचलं, "चांगलाच होता. पण चहाचं आधण ठेवेपर्यंत निम्मा उतरला. ती म्हणाली, मुलगा तुमचाच आहे. तुमच्या घरातून कुणी काही न्यायला आलेलं नाही. माझी पोरगी जरा तापट आहे, तेवढं सांभाळून घ्या."

दाराशी माझी मुलगी खाली मान घालून उभी होती. आपली आई लबाडी करतेय हे तिला केव्हाच कळलं होतं. मालकीणबाईंनी वाकून मधल्या ढिगातला, माझ्या वाट्याचा, एक शर्ट उचलला आणि मांडीवर पसरला. सुई घेतली, पण दोरा काही ओवला जाईना. त्यांनी सुई आणि दोरा माझ्या मुलीच्या दिशेनं धरला. ती पुढे आली, दोरा ओवला, आणि त्यांच्या खुर्चीपाशीच खाली बसली.

"वाचा, विहीणबाई," त्या पहिलं बटण लावत म्हणाल्या. "थांबलात का?"

मला, जिला कधी गप्प बसवत नाही, शब्द फुटेना.

"अगं," काकू म्हणाल्या, "पान उलट की."