स्थलांतरितांची प्रतिनिधी

तुमसरच्या कॉलेजात भूपेंद्र सर कादंबरी शिकवायला लागले की पहिला बाक रडायचा. कादंबरी जुनी, जाडजूड. पिकं बुडाल्यावर पोटासाठी परमुलखात निघालेल्या कुटुंबांची. सर डोळे मिटून एकेक उतारा असा वाचायचे, की जणू स्वतःच उपाशी आहेत. नाकाडोंगरीहून येणाऱ्या खुशबूला मात्र सरांपेक्षा कादंबरीच जास्त आवडायची. घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच, आणि बी.ए. झाल्याशिवाय थांबायचं नाही हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

फेब्रुवारीत ती सरांकडे गेली. "सर, घरचे मिरची तोडाले तेलंगणात चालले. मायची तब्येत बरी नाही, तिच्या वाटचं मलेच तोडा लागन. परीक्षेच्या आंधी येतो मी."

सरांना खरोखर वाईट वाटलं. कादंबरी ऐन रंगात आली होती.

"अवं, मधातच सोडून कुठं चालली? वर्गात बसली नाही, तं स्थलांतरितांचं दुःख तुले समजन कसं?"

खुशबू गेली, पुस्तक पिशवीत टाकून. मिरचीनं बोटांची आग व्हायची, डोळा चोळायची सोय नाही. दुपारी शिदोरी सोडली की ती बायकांना वाचून दाखवायची. शेजारची सुंदरबाई एकदा घास हातातच ठेवून म्हणाली, "ह्या लिहिणाऱ्यानं आपल्यासंगं मिरची तोडली काय वो?"

परत आली तर कॉलेजच्या फळ्यावर नाव लागलेलं: हजेरी कमी, परीक्षेला बसता येणार नाही. खुशबू धावत सरांकडे गेली.

"नियम माह्या हातात नाही पोरी," सर म्हणाले आणि एकदम खुलले. "पण तू बरी भेटली! उद्या स्थलांतरितांवर चर्चासत्र हाये. मंचावर एक तरी खरा माणूस पायजेच. तुहा सत्कार करू."

खुशबूनं विचार केला, मंचावर प्राचार्य असतीलच. चारचौघांत मागितलं तर नाही कसं म्हणतील? या भाबड्या आशेवर ती नवा ड्रेस घालून आली.

सूत्रसंचालन रुचिकाकडे होतं. वर्षभर खुशबूच्या शेजारी बसून तिच्या डब्यातलं खाल्लेली ही रुचिका माइकवर म्हणाली, "आता नाकाडोंगरीहून खास आलेल्या, स्थलांतरितांच्या प्रतिनिधी, श्रीमती खुशबूताई!" प्राचार्यांनी शाल घातली, श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

खुशबू माइकपाशी गेली. "मी पाहुणी नाही जी. ह्याच वर्गातली आहो. पुस्तक पुरं वाचलं मी, दोनदा. मले परीक्षेले बसू द्या, बस्स."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. भूपेंद्र सरांनी माइक हातात घेतला.

"मित्रहो, आपल्या कादंबरीतली माणसंही अशीच दारोदार विनवण्या करत फिरतात," ते म्हणाले, "आणि त्यांचं कुणीच ऐकत नाही!"

एवढं बोलून त्यांनी सगळ्यांना जेवायला चलण्याची विनंती केली.