माझ्या पोटातली कन्हानची वाळू

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी. माझा भाता हलवला की कोणी पट्टीला बोट लावायच्या आधीच पोटातून एक बारीक सूर निघतो. नवी पोरं दचकतात. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघतात. त्या सुराची गोष्ट आज सांगूनच टाकते. ऐकताना अंगावर काटा आला तर माझा इलाज नाही, मी स्वतः कितीतरी वर्षं तो घेऊन बसले होते.

माझा जन्म इतवारीतला. शालिकराम नावाच्या कारागिरानं मला सागवानात घडवलं, आत पितळेच्या पातळ जिभा, म्हणजे सूर, बसवले आणि म्हणाला, "जाय वं बाई, देवाच्या घरी चालली तू." नागपुरातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीनं मला घेतलं होतं. तिथं मी मनोहररावांच्या हाती पडले. आठवडाभर ते गांधीबागेतल्या दुकानात कापड मापायचे आणि रविवारी चर्चमध्ये गीतं वाजवायचे, मुलांचं संडे स्कूल घ्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. हात काय गोड होता हो! लोक म्हणायचे, मास्तरनं पेटीले बोलतं केलं. मी नुसती फुलून जायची.

एका बाबतीत मात्र मास्तर फार कडक. प्रार्थनेत डोळे मिटायचे म्हणजे मिटायचे. कोणी पापणी किलकिली केली की लगेच दरडावत, "देवासमोर उभा आहेस ना? मग इकडं तिकडं काहून पाहतो गा?" सगळ्यांत चुळबुळ्या होता सुबोध. दवाखान्यात नर्स असलेल्या प्रेमिलाबाईंचा तो एकुलता एक मुलगा. नवरा आधीच देवाघरी गेलेला, त्यामुळे बाईंचा सारा जीव त्या पोरात.

अडुसष्ट साली दिवाळीनंतर कन्हान नदीवर बाप्तिस्मा होता. आमच्याकडे नदीत बुडवून बाप्तिस्मा देतात. बैलबंडीत घालून मलाही नेलं. मोठी माणसं पाण्याशी उभी राहिली, मुलं मास्तरांजवळ वाळूत. "तुम्ही जा बाई, पोरायकडे मी पाहतो," मास्तर प्रेमिलाबाईंना म्हणाले. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, लांबलचक प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. मास्तरांनी मुलांना मिटायला लावले, स्वतःही मिटले आणि हलक्या हातानं मला वाजवत राहिले.

पेटीला पापण्या नसतात, मित्रांनो. मी पाहिलं. सुबोधनं हळूच डोळे उघडले. पाण्यावरून झेंडूचा एक हार वाहत चालला होता, त्याच्यामागं तो गेला. पुढं डोह होता. एकदा त्याचा हात वर आला. मी काय करणार? बोटं दाबतील तेवढंच मला वाजता येतं. सगळ्यांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, आणि मुलांच्या रांगेत एक जागा रिकामी होती. मास्तरांनी मला ढकलून नदीत उडी घेतली. मी वाळूत पालथी पडले. सुबोध संध्याकाळी सापडला.

नदीची वाळू माझ्या सुरांत शिरली होती. एक सूर काही केल्या बंद होईना. चर्च झाडणाऱ्या कौसल्यानं मला जरा सरकवलं तर तो निघालाच. ती झाडू टाकून पळाली. "सुबोध रडून राहिला वं माय!" झालं. त्या दिवसापासून माझ्यावर काळं कापड पडलं आणि मी कोपऱ्यात गेले. पुढं उंदरांनी ते कापड कुरतडलं, आणि भोकातून मला चर्च दिसू लागलं.

काय दिसायचं सांगू? प्रार्थनेला सारी मंडळी डोळे मिटून उभी आणि दोनच माणसांचे डोळे सताड उघडे. प्रेमिलाबाईंचे आणि मास्तरांचे. बाई मास्तरांकडे टक लावून बघायच्या. मास्तर मुलांच्या रांगेकडे बघत ओठांत काहीतरी पुटपुटायचे. प्रभूच्या प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ आली की बाईंचा आवाज बंद पडायचा. मनात अढी ठेवून प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, जाऊ नये म्हणतात, म्हणून त्या बाकावरच बसून राहत. मास्तरही बसून राहत. एकदा बाई पाळकसाहेबांना म्हणाल्या, "माफ केलं म्हनाले जाते मी, पन मन हो म्हनत नाही. मास्तरले तर माह्याकडे पाहाची हिंमत बी नाही." अशी वर्षं गेली. त्या चार डोळ्यांची मला भीती वाटायची, खरंच सांगते.

एकोणऐंशी साली नवे पाळक आले. त्यांनी कापड काढलं आणि मला थेट इतवारीत धाडलं. शालिकराम आता थकला होता. त्यानं भाता बदलला, वाळू झटकली, पण एका सुरात एक कण अडकला तो अडकलाच. "जास्त कोरलं तर सूर तुटन," तो म्हणाला. "राहू द्या तसाच." मग पाळकांनी मास्तरांना गळ घातली. मास्तर म्हणाले, "वाजवतो. पन डोळे मिटा म्हनू नका."

येशू कबरीतून उठला त्या रविवारी आम्ही पहाटे कब्रस्थानात जमतो. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो, वर मेणबत्त्या लावतात आणि तिथंच गातात. त्या वर्षी मला ठेवायला सपाट जागा सुबोधच्या कबरीजवळच होती. एका बाजूला मास्तर, एका बाजूला प्रेमिलाबाई, मध्ये मी. भाता हलला आणि तोच सूर निघाला. माणसं शहारली. प्रार्थना सुरू झाली, डोळे मिटले. मास्तर पुटपुटू लागले. आज बाई हाताच्या अंतरावर होत्या. त्यांना ऐकू आलं.

मास्तर मुलांची नावं घेत होते. एकेक चेहरा बघून एकेक नाव. गोपिका, चंद्रभान, सगळी. आणि शेवटी, सुबोध. तिथं थांबायचे, मुलांच्या रांगेच्या टोकाला रिकाम्या जागेकडे बघायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"मास्तर," बाई हळूच म्हणाल्या, "दर रविवारी तुम्ही त्यालेही मोजून राहिले?"

मास्तरांनी भाता थांबवला. "पाहतो म्हनलं होतं बाई तुमाले. पाहिलं नाही."

बाई रडल्या. इतक्या वर्षांत चर्चमध्ये त्या रडल्या नव्हत्या. "मले वाटे, तुम्ही विसरून गेले. आता नका मोजू त्याले. तो प्रभूजवळ आहे, तिथून तो कुठंच जात नाही." मग पदरानं डोळे पुसून त्या मुलांच्या बाजूला वळल्या. "मिटा डोळे, मास्तर. पोरायकडे मी पाहून राहिली."

मास्तरांना जमेना. पापण्या पुन्हा पुन्हा उघडत होत्या.

"मिटा म्हनलं ना!"

मास्तरांनी डोळे मिटले. क्षमेची ओळ आली, आणि बाईंचा आवाज थांबला नाही. मुलांवर नजर ठेवून त्यांनी ती पुरी म्हटली. पुढच्या प्रभुभोजनाला दोघंही उठून गेले.

तो कण अजून माझ्या पोटात आहे. मास्तर आता त्याच सुरावरून गीत उचलतात. मित्रांनो, बिघडलेली पेटी अडगळीत टाकू नका, एवढंच मागणं. आणि कोणी डोळे मिटायला घाबरत असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. म्हणा, तू मीट, मी पाहतो. आणि मग खरंच पाहा.