मधल्या मुलीचं घरी येणं

आमच्या मावशीला दूरचित्रवाणी केंद्रावर सगळे कात्रीबाई म्हणायचे. कात्री तिच्या हातात कधीच नव्हती. दोन मॉनिटर, दोन टेपची यंत्रं आणि मधे फिरवायची एक गोल चकती, एवढ्यावर ती एकोणतीस वर्षं प्रादेशिक वाहिनीच्या मालिका जोडत आली. यंत्रं तापू नयेत म्हणून त्या खोलीत इतका गारठा ठेवलेला असे, की भर उन्हाळ्यात मावशी पिशवीत स्वेटर टाकून निघायची आणि शेजारपाजारचे वळून वळून बघायचे.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि तिच्याकडेच राहायचे. त्यामुळे पुढचं बरंचसं मला संध्याकाळी भाजी निवडता निवडता तिच्याच तोंडून कळत गेलं.

त्या वाहिनीवर दिसणारी माणसं आमच्याच आसपासची असायची. त्या वर्षी एका घड्याळजीच्या कुटुंबाची मालिका चालू होती. घड्याळजी झालेले गृहस्थ पोस्टात कारकून होते. सेटवरचे पडदे कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंच्या घरचे आणि कपाट केंद्रप्रमुखांच्या सासऱ्यांचं. मालिकेतली मधली मुलगी भांडून घर सोडून गेली, तेव्हापासून एक म्हातारी रोज पोस्टाच्या खिडकीशी यायची आणि कारकुनांना विचारायची, "बाबा, पोरीचं काही पत्र?" कारकूनही गंभीर चेहरा करून सांगायचे की अजून नाही, आजी, पण येईल.

आणि अशात मुख्यालयातून कागद आला. या महिन्यापासून केंद्राने स्वतःच्या मालिका बंद करायच्या. तिकडे बनलेल्या मालिका इथल्या भाषेत आवाज भरून येतील, त्या लावायच्या. इथून फक्त अर्ध्या तासाच्या बातम्या. बाकीच्यांनी बदली घ्यावी, नाहीतर लवकर निवृत्ती. घड्याळजीच्या मालिकेचे एकवीस भाग दाखवून झाले होते. उरलेल्या पाच भागांचं चित्रीकरण संपलेलं होतं, पण टेपा मावशीच्या कपाटात तशाच पडून होत्या. मधली मुलगी घरी येते ती सव्विसाव्या भागात.

मावशी तडक केंद्रप्रमुख साहेबांकडे गेली. साहेब मुळात भला माणूस. ऐन तारुण्यात त्यांनी स्वतः केंद्रासाठी नाटुकली लिहिली होती. पण ते म्हणाले, माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मावशी तिथून हलेना. शेवटी त्यांनी महिन्याचा तक्ता काढला, बोटाने खाली खाली गेले आणि महिन्याच्या शेवटच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीचला त्यांना पंचवीस मिनिटांची एक फट सापडली. जाहिरात करता येणार नव्हती. पाच भाग तर शक्यच नव्हते.

"पाचाचा एक करते," मावशी म्हणाली.

पुढचे अकरा दिवस ती त्या पाच भागांना कात्री लावत होती. एक लग्न गेलं, एक आजारपण गेलं, धाकट्या मुलीची परीक्षा तर पुरतीच उडाली. "आज तीन माणसं कापली," असं ती पोळी लाटताना म्हणायची, आणि ऐकणाऱ्याने घाबरावं असा तिचा चेहरा असायचा. एवढं करूनही चार मिनिटं जास्त होत होती. ती चार मिनिटं कुठली, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिकडे हात जात नव्हता. म्हातारा घड्याळजी बसथांब्यावर उभा असतो. समोरच्या बाजूला मुलगी उतरते. घरी यावं की नाही, तिचं ठरत नसतं. तो तिला हाक मारत नाही. मुकाट्याने घरी जातो आणि दोन कप चहा टाकतो. कारकुनांनी आयुष्यात केलेलं हे सर्वांत चांगलं काम, असं सगळं केंद्र म्हणायचं.

न सांगता कापणं मावशीला जमलं नसतं. ती जेवणाच्या सुट्टीत पोस्टात गेली. मीही तिच्याबरोबर होते. तिने सगळं सांगितलं. कारकुनांनी ऐकता ऐकता एका पाकिटावर दोनदा शिक्का मारला.

"मुलगी घरी येते ना?" त्यांनी विचारलं.

"येते."

"मग काप."

ठरलेल्या दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कारकून सहकुटुंब आले होते, कपडेपटाच्या बाई आल्या होत्या. साहेब उशिरा येऊन दाराशीच उभे राहिले. पडद्यावर पंचवीस मिनिटं सरत आली. मुलगी दारात आली, बाबांनी एक कप तिच्या पुढ्यात सरकवला आणि नावं वर सरकू लागली. संकलन म्हणून मावशीचं नाव आलं तेव्हा ती चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेली होती. पाठोपाठ आवाज भरलेली नवी मालिका सुरू झाली. त्यातल्या बाईचे ओठ मिटल्यावरही तिचं वाक्य चालूच होतं. साहेबांनी पुढे होऊन टीव्ही बंद केला.

नंतरच्या आठवड्यात मावशी टेपांची यादी करून द्यायला केंद्रावर जात होती. इतक्या लोकांनी इतकी वर्षं पाहिलेल्या मालिकेचा शेवट कोणाच्या लक्षातही आला नाही, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण जेवण कमी झालं होतं. चौथ्या दिवशी तिथल्या ऑपरेटरने एक फोन जोडून दिला. पलीकडे शिवणाचे वर्ग घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी नमस्कार वगैरे काही न करता एकदम विचारलं, "मुलगी यायच्या आधीच बाबांनी दोन कप कसे भरले? तुम्ही मधलं काहीतरी कापलंय."

मावशी सांगते की तिला हसू आलं. ती खुर्चीत बसली आणि तिने त्या बाईंना कापलेलं दृश्य सांगितलं. बस कुठून येते, म्हातारा छत्रीची मूठ कशी धरतो, मुलीच्या खांद्यावरची पिशवी, कुठे कोणाचा चेहरा जवळून दिसतो, सगळं. बाई मधेमधे हं म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "असं होय. मग बरोबर आहे."

केंद्राच्या इमारतीत आता एक पहारेकरी आणि गच्चीवर उपग्रहाची एक मोठी तबकडी आहे. साहेब बदली घेऊन गेले, कारकून निवृत्त झाले. संकलनाच्या खोलीतला गारठा काढून टाकला, तिथे जुन्या खुर्च्या रचल्यात. शिवणाच्या बाईंचा मात्र त्या फोननंतर आठवड्याने पुन्हा फोन आला, लग्नाचं काय झालं ते विचारायला. मग धाकटीच्या परीक्षेचं. फोनवर पुरेना म्हणून त्या घरीच आल्या. आता दर गुरुवारी दोघी तळ्याकाठी फिरायला जातात. मालिकेचं सगळं कधीच सांगून संपलंय. परवा मी मागून चालत होते, तर दोघींचं ब्लाऊजच्या बाहीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं.