अकरा बेचाळीसची नोंद

आमच्या ऑफिसात मला कुलूपवाला म्हणतात. माझ्या हुद्द्याचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ते ओळखपत्रावरच शोभतं.

औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो, जो उघडला की पुन्हा तशी घडी बसत नाही, तो तयार करण्याचं आमचं काम. मजकूर लिहिणारे दोघे, मांडणी करणारा एक, शेवटचं वाचन करणाऱ्या ताई, आणि या सगळ्यांच्या फाइली सांभाळणारा मी. फाइली आमच्याकडे नसतात. त्या दूर कुठेतरी सर्व्हरवर असतात. ज्याला फाइलीत काही बदलायचं असेल त्याने आधी ती लॉक करायची. मग बाकीच्यांना ती नुसती वाचता येते, हात लावता येत नाही. काम झालं की सेव्ह करायची आणि लॉक सोडायचं. शाळकरी पोरांनाही जमेल इतकं सोपं आहे. आमच्या माणसांना जमत नाही.

कोणी फाइल लॉक करून जेवायला जायचं, कोणी फोनवर बोलत बोलत जिना उतरायचं. मजकूर लिहिणाऱ्यांपैकी एक महाभाग तर फाइल लॉक करून चार दिवस रजेवर गेला. मग इतरांनी माझ्या नावाने बोटं मोडायची आणि मी लॉक तोडत बसायचं. दोन तारखेला एका तासात तिघांनी हाका मारल्या तेव्हा माझं टाळकं सटकलं. अर्धा तास फाइलीत काहीच सेव्ह झालं नाही तर लॉक आपोआप सुटेल, अशी मी सर्व्हरवर सोय करून टाकली. सगळ्यांना तसं कळवायचं पत्रही लिहायला घेतलं. तेवढ्यात प्रिंटरमध्ये कागद अडकला म्हणून उठलो, आणि ते पत्र अर्धवट राहिलं ते राहिलंच.

आता ताईंबद्दल. ताई अठ्ठावन्न वर्षांच्या. स्क्रीनवर लाकडी पट्टी धरून एकेक ओळ वाचतात, म्हणून पाठीमागे त्यांना सगळे पट्टीताई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून काही सुटलं असं मी ऐकलेलं नाही. त्या एक जुनाट प्रोग्राम वापरतात, कारण त्यात अक्षरं मोठी दिसतात. तो बदला म्हणून मी दरवर्षी सांगतो आणि त्या दरवर्षी म्हणतात, "मी गेले की बदल."

नऊ तारखेला लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा कागद छापायला गेला. त्यात 'दर चार तासांनी' असं होतं. हवं होतं 'दर सहा तासांनी'. छापखान्यातल्या माणसाला सुदैवाने घरी त्याच वयाचं पोर होतं, त्याला शंका आली आणि त्याने फोन केला. साहेबांनी ताईंना विचारलं. ताई म्हणाल्या, "मी दुरुस्त केलं होतं. मला चांगलं आठवतंय." फाइल उघडून बघितली तर तिथे चारच तास.

मग चौदा तारखेला डोळ्यांच्या थेंबांचा कागद गेला. 'बाटली उघडल्यावर एका महिन्यात संपवावी' ही ओळच त्यात नव्हती. ताई पुन्हा म्हणाल्या, मी घातली होती. पण या वेळी आवाज खाली गेला होता. साहेब चांगले आहेत, ओरडले नाहीत. "ताई, जरा विश्रांती घ्या," म्हणाले आणि शेवटचं वाचन त्यांच्याकडून काढून मजकूरवाल्यांकडे दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

चहाच्या वेळी ताई माझ्याशेजारी बसल्या. त्यांची मोठी बहीण विसराळूपणाच्या आजाराने गेली, हे मला माहीत होतं. शेवटी शेवटी ती ताईंनाच विचारायची, "बाई, तुम्ही कोणाच्या?"

"तिचंही असंच सुरू झालं होतं," ताई म्हणाल्या. "अठ्ठावन्नाव्या वर्षीच. केलं म्हणायची आणि केलेलं नसायचं. परवा मी गॅस बंद केलाय का ते बघायला चारदा उठले."

"होता बंद?"

"चारही वेळा बंद होता. पण उठले ना." त्यांनी कप बशीवर ठेवला. "लेकीने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी. डोक्याच्या."

एकोणीस तारखेला सर्व्हरवरची जागा भरत आली म्हणून मी लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोणी कोणती फाइल कधी उघडली, लॉक केली, सेव्ह केली, त्याची सेकंदापर्यंत नोंद त्यात असते. जुन्या नोंदी काढून टाकाव्यात म्हणून खाली सरकत होतो आणि नऊ तारीख समोर आली.

दहा पंचावन्नला ताईंनी तापाच्या औषधाची फाइल लॉक केली होती. पट्टी लावून वाचायला अर्ध्या तासाहून जास्त लागणारच. अकरा पंचवीसला माझ्या नव्या सोयीने त्यांचं लॉक सोडून दिलं. अकरा एकतीसला मांडणीवाल्याने तीच फाइल घेतली आणि लॉक केली. अकरा बेचाळीसला ताईंनी सेव्ह केलं. त्यांची प्रत सर्व्हरच्या दारापर्यंत आली आणि सर्व्हरने ती परत पाठवली, कारण लॉक आता दुसऱ्याचं होतं. नवा प्रोग्राम असता तर लाल चौकट दाखवून बोंब मारली असती. ताईंचा जुना प्रोग्राम हूं की चूं करत नाही. त्यांच्या स्क्रीनवर सहा तास, सर्व्हरवर चार तास, आणि छापायला गेली सर्व्हरवरची प्रत.

म्हणजे ताईंना बरोबर आठवत होतं. पत्र पाठवायला विसरलो होतो मी.

त्यानंतर आठ दिवस मी मूग गिळून बसलो. सेटिंग गुपचूप पूर्ववत केलं आणि मनाची समजूत घातली की आता पुन्हा असं होणार नाही. रोज ठरवायचो, आज सांगू. ताई समोर आल्या की प्रिंटर तपासायला उठायचो. त्या आठ दिवसांत त्यांनी एक छोटी वही केली होती. जे काही करतील ते तिच्यात लिहीत होत्या. 'खिडकी लावली.' 'लेकीला फोन केला.' मी ते ओझरतं पाहिलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी त्या दिवशीही बोललो नाही.

शेवटी बायकोने काढून घेतलं. ती दाताच्या दवाखान्यात काम करते, गप्प बसलेल्या माणसाचं तोंड उघडायची तिला सवय आहे. सकाळी डबा भरताना तिने सगळं ऐकून घेतलं.

"नोकरी जाईल म्हणून घाबरतोयस?" तिने विचारलं.

"नोकरी नाही जाणार. चार शिव्या बसतील."

"म्हणजे चार शिव्या वाचवायला तू त्या बाईला वेड लागल्यासारखं वाटू देतोयस." डब्याचं झाकण तिने जरा जोरातच लावलं. "आज सांग. आधी त्यांना, मग साहेबांना. आणि संध्याकाळी न सांगता आलास तर मी फोन करून सांगीन."

तो मंगळवार होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खाली गेल्यावर मी ताईंना माझ्या टेबलाशी बोलावलं. साहेबांना द्यायचा कबुलीजबाब लिहून आणला होता, तो आधी त्यांच्या हातात दिला. मग लॉग उघडून ओळीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. अर्धा तास, मांडणीवाला, परत आलेली प्रत, राहिलेलं पत्र.

ताईंनी ती ओळ तीनदा वाचली. "अकरा बेचाळीस," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी केलं होतं."

"केलं होतं, ताई."

"सहा तास लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि मी त्याला तयार होतो. "तुला कधीपासून माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. "आठ दिवस मी झोपले नाही रे," एवढंच म्हणाल्या. शिवी परवडली असती.

मग त्यांनी माझा कबुलीजबाब वाचायला घेतला, आणि पेन काढलं. "चूक दीर्घ असते. दोन्हीकडे ऱ्हस्व लिहिली आहेस." त्या हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

"आणि चौदा तारखेचं? डोळ्यांचे थेंब?"

"तेही तसंच," मी म्हणालो. "तेव्हाही अर्ध्या तासाचंच सेटिंग होतं."

ताईंनी लगेच फोन लावला. "अगं, ऐक. तो गुरुवारचा डॉक्टर रद्द कर. नाही, नाही, मी ठणठणीत आहे. इथल्या कुलूपवाल्याचा घोळ होता सगळा." त्या उभ्या राहून बोलत होत्या, एका हाताने माझ्या टेबलावरचे कागद उगाच नीट लावत होत्या. "तुझ्या मावशीचं आणि माझं काही सारखं नाही. उगाच धसका घेतला मी."

मी चौदा तारीख उघडली. त्यांना तीही ओळ दाखवावी, एवढंच मनात होतं. दहा दहाला ताईंनी थेंबांची फाइल लॉक केली होती. दहा चाळीसला लॉक सुटलं होतं. पुढे मांडणीवाल्याने दुपारी तीनला फाइल घेतली होती. मधे काही नव्हतं. परत पाठवलेली प्रतही नव्हती. प्रत आलीच नव्हती.

मी पुन्हा पाहिलं. तारीख चुकली असेल म्हणून तेरा पाहिली, पंधरा पाहिली. ताईंच्या नावाने त्या फाइलीत सेव्ह कुठेच नव्हतं.

ताई फोनवर हसत होत्या. रविवारी काय करायचं ते ठरवत होत्या. लॉगमधलं आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली असती तर संपलं असतं. सगळे खूश झाले असते, मीसुद्धा.

"ताई," मी म्हणालो. "फोन ठेवू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलायच्या थांबल्या. फोन कानाला तसाच धरून त्या टेबलाला वळसा घालून आल्या आणि स्क्रीनवर वाकल्या. दहा दहा. दहा चाळीस. तीन. मघाशी मी वाचायला शिकवलंच होतं, मला काही सांगावं लागलं नाही.

"इथे मी सेव्ह केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"परतही गेलेलं नाही."

"नाही, ताई. मी न बघता बोललो. सेव्ह करायचं कोणाचंही राहतं, माझंच दिवसातून..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पण मला ते केलेलं आठवतंय," त्या हळू म्हणाल्या. "अजूनही आठवतंय."

फोनमधून त्यांच्या लेकीचा आवाज येत होता. "आई? आई, रद्द करू ना मग?"

"नको," ताई म्हणाल्या. "राहू दे गुरुवार. आणि तू ये माझ्याबरोबर."